आधी सोलर, मग चुना: अकोल्यातल्या एका घराचा उन्हाळा

२०२४ च्या मे महिन्याचं आमचं विजेचं बिल ५४० युनिटचं आलं. रक्कम आठ हजारांच्या जरा खाली. आदल्या वर्षी त्याच महिन्यात २६० युनिट जळले होते आणि तीन हजारांच्या आत भागलं होतं. मधल्या काळात घरात एकच वस्तू नवी आली होती, दीड टनाचा इन्व्हर्टर एसी. तोही एकाच खोलीत.

युनिट दुपटीच्या जरा वर गेले, पैसे मात्र पावणेतीनपट. यात कुठलीही चूक नव्हती, मी बिल तीनदा तपासलं. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात. त्या वर्षी पहिल्या १०० युनिटला ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० ला १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे आणि त्याच्या वर १६ रुपये ६४ पैसे असा दर होता. शिवाय प्रत्येक युनिटवर १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क. पंखे, फ्रिज, कूलर, मोटर यांनी पहिले दोन टप्पे आधीच जवळपास भरून टाकलेले. एसीचा जवळजवळ सगळा खर्च महागड्या टप्प्यांत जाऊन बसला. म्हणजे त्याच मीटरवर एसीचं युनिट आम्हाला अठरा रुपयांच्या आसपास पडत होतं. सोलरची गाठ इथेच पक्की झाली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आकडे वहीत उतरवायची सवय आहे, त्यामुळे पुढचं वर्षभर काय केलं आणि काय झालं याची नोंद माझ्याकडे आहे. एका घराचीच आहे, तेवढ्यापुरतीच वाचावी.

घर

कौलखेडच्या बाजूला १९९४ साली वडिलांनी बांधलेलं बैठं घर. नऊशे चौरस फुटांचा स्लॅब, पाच इंची, वर गळती थांबवायला घातलेला कोबा. तीस वर्षांत तो कोबा काळपट राखाडी झालेला. घर वास्तुशास्त्राप्रमाणे, म्हणून कर्त्याची झोपायची खोली नैऋत्येला. वास्तुशास्त्र काय म्हणतं ते म्हणो, अकोल्यात नैऋत्येची खोली म्हणजे दुपारी एकपासून सूर्य मावळेपर्यंत दोन भिंती आणि छत, तिन्हीकडून ऊन खाणारी खोली. एसी लावला तो याच खोलीत, कारण सगळ्यांत जास्त तीच तापते. घरात आई, आम्ही दोघं आणि दहावीतली मुलगी. मे महिन्यात आई सोडून सगळे त्या एका खोलीत झोपायचो.

बाहेरगावच्या वाचकांना विदर्भाच्या उन्हाळ्याची कल्पना यावी म्हणून एकच आकडा देतो. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. अकोलाही त्याच रांगेतलं गाव. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यांत तापते नऊ दिवस, लागला की दुपारचे रस्ते संचारबंदी लागल्यासारखे मोकळे होतात. पण आमचं ऊन कोरडं असतं आणि तीच एक मेहेरबानी. हवेत दमटपणा पंधरा टक्क्यांवर आला की साधा कूलर ४४ अंशांची हवा २८ पर्यंत खाली आणतो, पंखा आणि पंप धरून फक्त सव्वादोनशे-अडीचशे वॅटमध्ये. अडचण पाण्याची. काटेपूर्णा धरणाचं पाणी आमच्या भागात रोज येत नाही, आणि मोठा कूलर दिवसभरात शंभर लिटर सहज पितो. कूलर भरायचा की टाकी राखायची, यावरून एप्रिलमध्ये घराघरांत वाद झडतात.

सोलर

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली होती. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असं तीन किलोवॅटला जास्तीत जास्त ७८ हजारांचं अनुदान. पॅनल देशी बनावटीचेच हवेत ही अट. आम्ही साडेपाचशे वॅटचे सहा पॅनल बसवले. एक लाख नव्वद हजार मोजले, अनुदान जमा झाल्यावर एक लाख बारा हजारांना पडलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेट मीटर लागला, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर.

बसवायला आलेल्या पोरांनी विचारलं, "सर, पॅनल कुठं घ्यायचे?" मी म्हणालो, तुम्हाला सोयीचं पडेल तिथं. त्यांना स्वयंपाकघराच्या वरची जागा सोयीची होती, मीटरपर्यंत वायर कमी लागते म्हणून. दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांची आयती सावली मी अशा जागी टाकून घेतली, जिथं रात्री कुणीच झोपत नाही. हे एक वाक्य पुढे मला फार छळणार होतं.

हिवाळा मजेत गेला. महिन्याला १४० युनिट वापर, साडेतीनशेच्या पुढे निर्मिती. बिलावर शिल्लक युनिट वाढत गेले, मार्चअखेर हजाराच्या घरात पोचले. घरात कुणीतरी म्हणालं, हे सगळे मे महिन्यात वापरू. मीही मान डोलावली. पण महाराष्ट्रात नेट मीटरचं खातं ३१ मार्चला बंद होतं. उरलेले युनिट वीज कंपनी ठरलेल्या दरानं विकत घेते, तो दर आपण भरतो त्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि १ एप्रिलला पाटी कोरी. पावसाळा-हिवाळ्याची पुंजी उन्हाळ्याच्या उंबरठ्यावर पुसली जाते. नियम आधीपासून असाच आहे, मीच वाचला नव्हता. एप्रिल आणि मे हे दोन महिने सोलरला आपल्या त्या त्या महिन्याच्या कमाईवरच काढावे लागतात, हे डोक्यात बसलं की मग किती किलोवॅट घ्यायचे हा हिशोबही वेगळा होतो.

दुसरा गैरसमज उन्हाचा. ऊन जास्त तर वीज जास्त, असं सगळेच धरून चालतात. पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. त्याची क्षमता मोजतात ती काच २५ अंशांवर असताना. एप्रिलच्या दुपारी पॅनल ६५-७० अंशांपर्यंत तापतं आणि वरच्या प्रत्येक अंशाला साधारण तिसरा हिस्सा टक्का वीज घटते. माझ्या नोंदीत भर दुपारी सगळं स्वच्छ असूनही ३.३ किलोवॅटचा संच अडीचच्या पुढे फारसा गेला नाही. त्यात धूळ. दहा दिवस पुसलं नाही की रोजचा एक युनिट जातो. शेजारच्या काकांनी बोअरच्या पाण्यानं पॅनल धुतले तर काचेवर पांढरे ठिपके बसले. आपल्याकडच्या क्षाराच्या पाण्यानं बादलीसुद्धा पांढरी होते, काच कशी सुटेल? नळाच्या पाण्यानं, पहाटे, काच थंड असताना धुवायचं आणि रबराच्या पट्टीनं निपटून घ्यायचं, हे आता मुलीचं खातं.

एप्रिलचे पहिले सतरा दिवस

१ एप्रिल २०२५ पासून मी एसीला वेगळा सब-मीटर लावला. पहिल्या पंधरवड्यात रोजचा एकूण वापर सरासरी २४ युनिट निघाला. निर्मिती १४ च्या आसपास. म्हणजे सोलर असूनही रोज दहा युनिट बाहेरून.

कारण उघड होतं. सोलर आल्यावर घरात "आता काय फुकटच आहे" ही हवा शिरली. पूर्वी रात्री दहाला लागणारा एसी दुपारी एकलाच लागू लागला. दुपारचे पाच युनिट, रात्रीचे अकरा, बाकी घराचे आठ. दुपारचे पाच तर नुसती चैन होती, कारण त्या कोरड्या हवेत हॉलमधला कूलर पुरत होता. बायकोनं एक दिवस कूलर आणि एसी दोन्ही एकदम लावून पाहिले, दारं उघडी ठेवून. एसीच्या पाइपमधून बाहेर बादली भरली. कूलर हवेत पाणी घालणार आणि एसी ते पिळून काढणार, दोघांचे पैसे आपण भरणार. हा प्रकार आमच्या गल्लीत अजून दोन घरी चालू आहे, मी सांगूनही.

मग एक दुपार आली. दीड वाजता डीपीवर आवाज झाला आणि लाइन गेली. बाहेर ४४. पॅनल लखलखताहेत आणि त्यांची वीज घराला चालेल अशी करून देणाऱ्या सोलर इन्व्हर्टरचा दिवा लाल. आईनं अंगणातून वर बघत विचारलं, "वरतं एवढं ऊन पडून रायलं अन् खालतं पंखा बी नाई? मंग त्या काचा कायले लावल्या बाप्पा?" उत्तर मला ठाऊक होतं, तिला पटेल असं नव्हतं. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना, जोडलेला सोलर इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतः बंद पडतो. तो चालू राहिला तर आपली वीज उलट तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. बॅटरी असलेला संच घेतला तर घर चालतं, पण एसी चालवण्याएवढी बॅटरी म्हणजे सोलरइतकाच खर्च पुन्हा. त्या दिवशी तीन तास आम्ही आईच्या खोलीत ओल्या पंचानं काढले. आईची खोली पूर्वेला, वर पॅनल नाही, पण अंगणातल्या कडुनिंबाची सावली अर्ध्या स्लॅबवर. ती खोली आमच्या खोलीपेक्षा सरळ तीन-चार अंशांनी थंड वाटत होती. आई उन्हाळाभर तिथं नुसत्या पंख्यावर झोपते, आणि आम्ही तिला "एसीत ये" म्हणून आग्रह करतो!

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतलं बंदुकीसारखं इन्फ्रारेड थर्मामीटर घरी आणलं.

छत

दुपारी दोनला कोब्याचा पृष्ठभाग ६२ अंश. रात्री दहाला आमच्या खोलीच्या छताची आतली बाजू ४१.५. पश्चिमेची भिंत ३८. एसी २१ वर, खोलीतली हवा २५-२६. आईच्या खोलीचं छत त्याच वेळी ३६.

मी अकरावीच्या पोरांना दरवर्षी उष्णतेचं वहन, अभिसरण, प्रारण शिकवतो. घरात मात्र वर्षभर फक्त हवा थंड करत बसलो होतो. एवढ्या जाड काँक्रीटमधून दुपारची उष्णता खाली उतरायला सहा-सात तास लागतात. बाहेर सूर्य मावळतो, वारा सुटतो, आणि नेमकं तेव्हा, आठ ते अकराच्या सुमाराला, छताची आतली बाजू सगळ्यांत जास्त तापलेली असते. अंगाला जे जाणवतं ते नुसत्या हवेचं तापमान नसतं. समोरची भिंत, वरचं छत हेही अंगावर प्रारण सोडत असतात. हवा २५ ची आणि डोक्यावर ४१ चा तवा, म्हणून आम्ही रिमोट घेऊन २१, कधी २० करत होतो. २०२० पासून देशात विकले जाणारे एसी २४ अंशांवर सुरू होऊन येतात, आणि एकेक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, हे सगळं मला पाठ होतं. पाठ असून काय? छत तापलेलं असताना २४ वर झोप लागत नाही.

आणखी एक गोष्ट त्याच फेरीत सापडली. एसीचं बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर, संध्याकाळपर्यंत उन्हात. मागची जाळी बघितली तर तिच्यावर करड्या लोकरीसारखा थर. आमच्यापासून अर्ध्या किलोमीटरवर जिनिंग आहे. हंगामात कापसाचे तंतू उडत असतात, त्यांच्यावर धूळ बसली होती. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश असताना. ४४ ला ती तशीच घटते, त्यात श्वास असा कोंडलेला. सर्व्हिसवाला पोरगा पाण्याच्या प्रेशरनं धुऊन गेला आणि वर पत्र्याचं छोटं छप्पर लावून गेला. बाजू मोकळ्या ठेवायला मी सांगितलं, कारण समोरच्या घरी युनिटला चारी बाजूंनी लाकडी खोकं करून घेतलंय आणि ते बिचारं स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतं.

१८ एप्रिलला गुड फ्रायडेची सुट्टी होती. पहाटे पाचला मी, मुलगी आणि एक गवंडी गच्चीवर. आधी झाडून, धुऊन कोबा साफ केला. मग चुना, पांढरं सिमेंट आणि चिकटपणासाठी बाजारात मिळणारा पांढरा डिंक यांचं ताकासारखं पातळ मिश्रण, लांब दांड्याच्या ब्रशनं. पहिला हात आठपर्यंत, दुसरा संध्याकाळी. साहित्य आणि मजुरी मिळून २,४०० रुपये. गवंडी म्हणाला, पहिले सारे असंच करत होते, मंग टाइल्सची फॅशन आली. खरंय. लहानपणी आमच्या गच्चीला दर उन्हाळ्यात चुना लागायचा आणि संध्याकाळी बादल्यांनी पाणी मारून वर बिछाने पडायचे. पाणी गेलं, डास आले, मग आम्ही खाली आलो आणि चुना राहून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला चुन्याचा पृष्ठभाग ४९. चुन्याआधी त्याच वेळी ६२ होता. रात्री दहाला आतलं छत ३७.५.

रविवारी, २० तारखेला, फक्त नैऋत्येच्या खोलीवर बांबू रोवून हिरवी शेडनेट ताणली, छतापासून तीन फूट वर, खालून वारा खेळता राहील अशी. हीच जाळी उन्हाळ्यात नागपूरच्या सिग्नलवर दुचाकीवाल्यांच्या डोक्यावर बांधतात. चारशे चौरस फूट जाळी आणि बांबू, ४,६०० रुपये. त्यानंतर छत रात्री दहाला ३५.५ च्या आसपास स्थिरावलं.

एसी त्या आठवड्यात आपोआप २६ वर आला. कुणी ठरवलं नाही. पहाटे थंडी वाजते म्हणून मुलगीच उठून वाढवायची, तिथंच राहिला. सोबत पंखा मंद.

हिशोब

चुना आणि जाळीनंतर एसीचे रात्रीचे युनिट ११ वरून साडेसहावर आले. दुपारचा एसी बंद झाला, ते पाच युनिट वेगळे वाचले. त्यांच्या जागी कूलर जेमतेम एक-दीड युनिट घेत होता. म्हणजे रोजचा वापर २४ वरून १६ च्या आत आला, पण त्यातला निम्मा वाटा नुसत्या सवयीचा आहे, चुन्याचा नाही. हे लिहून ठेवतो, नाहीतर मीच चार जणांना सांगताना सगळं श्रेय चुन्याला देईन.

एप्रिलचा सगळा महिना धरून वापर ६१५ युनिट, निर्मिती ४१५. निव्वळ २०० युनिटचं बिल, २,१५० रुपयांच्या आसपास. आदल्या वर्षीच्या मे महिन्याच्या तुलनेत हे कुणालाही भारी वाटेल. मला मात्र वहीतला दुसराच आकडा टोचतो: पहिल्या दिवसापासून १६ युनिटनं चाललो असतो तर बिल सहाशेच्या आसपास आलं असतं. एक लाख बारा हजारांच्या सोलरनं बिल कापलं. सात हजारांच्या चुन्यानं आणि जाळीनं झोप दिली. सोलर साधारण चार वर्षांत वसूल होईल असं दिसतं, त्याबद्दल तक्रार नाही.

दुपारीच एसी लावून खोली आधी थंड करून ठेवावी, असाही सल्ला मिळाला. दोन दिवस केलं. छत कोरं असताना काही उपयोग झाला नाही, नऊ वाजता वरून उष्णता येतेच. आणि नेट मीटरवर दुपारी बाहेर दिलेलं युनिट रात्री युनिटाला युनिट परत मिळतं, मग दुपारी जाळून फायदा काय? दिवसाच्या आणि रात्रीच्या युनिटचा हिशोब वेगळा होऊ लागला तर पुन्हा विचार करू.

मे

२०२५ चा मे महिना उन्हाळ्यासारखा वागलाच नाही. अवकाळीनं राज्य धुऊन काढलं, २६ मे ला तर मान्सून मुंबईत पोचलाही होता. आमच्याकडे एका संध्याकाळी वादळ आलं आणि शेडनेट दोन कोपऱ्यांतून सुटून फडफडायला लागली. मी वर जाईपर्यंत एक बांबू उपटून पॅनलच्या दिशेनं घरंगळत गेला आणि काचेपासून वीतभर अंतरावर कठड्याला अडकला. साडेचार हजारांच्या सावलीनं एक लाखाची काच फोडली असती. जाळी गुंडाळून माळ्यावर टाकली. चुना तसाच आहे, एका पावसाळ्यात थोडा उडालाय, दरवर्षी एक हात द्यावा लागेल असं दिसतं.

हवा दमट झाल्यावर कूलरचं काही चालेना, अंगाला चिकचिक. तेव्हा एसीच कामाला आला, ड्राय मोडवर, कमी युनिटमध्ये. त्या आठवड्यात आई पहिल्यांदा आपणहून आमच्या खोलीत झोपायला आली.

पॅनल उचलून नैऋत्येच्या खोलीवर, सात-आठ फूट उंच सांगाड्यावर घ्यायचे का, हे आता ठरवायचंय. म्हणजे जाळीची गरज राहणार नाही, खाली दोरीवर कपडे वाळतील आणि छताला बारमाही सावली मिळेल. सांगाडा, वायर आणि मजुरी मिळून अठ्ठावीस हजारांचा अंदाज आलाय. पहिल्याच दिवशी बोट दाखवलं असतं तर वायरीचे हजार-दीड हजार आणि उंचीचा फरक, एवढ्यात झालं असतं.

परवा नागपूरहून मेहुण्यांचा फोन आला. सोलर घेताहेत, तीन किलोवॅट घेऊ की पाच, म्हणाले. मी विचारलं, भाऊजी, तुम्ही झोपता त्या खोलीच्या वर काय आहे? ते म्हणाले, गच्ची. रात्री जेवण झाल्यावर छताला खालून हात लावून बघा, मग सांगतो. पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. "छताला हात कसा पुरंल?" ते म्हणाले, आणि मुलाला स्टूल आणायला हाक मारली.